संप्रदान की कर्ता? : अपंगसेवांतील समता-हक्क समित्यांच्या संहितांचे परीक्षण

१

एखादी समिती कशी चालली याचा विचार तिच्या कामकाजावरून करण्याचा प्रघात आहे. बैठका किती झाल्या, ठराव कोणते संमत झाले, अंमलबजावणी कितपत झाली, अशा प्रश्नांची उत्तरे शोधून समितीचे यशापयश ठरविले जाते. हा प्रघात चुकीचा आहे असे नव्हे. परंतु कामकाज सुरू होण्यापूर्वीच समितीचे पुष्कळसे भवितव्य निश्चित झालेले असते. ज्या वाक्याने ती स्थापन होते, त्या वाक्यात कर्ता कोण, संप्रदान कोण आणि विकल्प कोठे ठेवला आहे, यावर ते अवलंबून असते. अपंगांसाठी चालविल्या जाणाऱ्या सेवांमध्ये समता आणि हक्क यांचे रक्षण करण्याकरिता ज्या समित्या निर्माण झाल्या किंवा होऊ घातल्या आहेत, त्यांच्या संहितांकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही.

या क्षेत्रात भाषेविषयी वाद झाले नाहीत असे नाही. ‘अपंग’, ‘विकलांग’ आणि डिसेंबर २०१५ नंतर शासनव्यवहारात आलेला ‘दिव्यांग’ या शब्दांवरून बरीच चर्चा झाली आहे. पहिल्या शब्दात न्यूनत्व सूचित होते, तर तिसऱ्यात नसलेली दैवी शक्ती बहाल करून प्रत्यक्ष अडचणींवर पडदा टाकला जातो, असे आक्षेप परस्परविरुद्ध बाजूंनी घेतले गेले. हा वाद नामाचा आहे. नामाला जोडून येणाऱ्या विभक्तीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. आणि समितीच्या रचनेत निर्णायक ठरते ती विभक्ती.

२

संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीची संहिता स्वीकारली. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी तिला अनुसमर्थन दिले. तिच्या चौथ्या अनुच्छेदात अपंग व्यक्तींशी त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत निकटचा विचारविनिमय करण्याचे, सोळाव्यात अपंगांसाठीच्या सर्व सेवांवर स्वतंत्र यंत्रणेची परिणामकारक देखरेख ठेवण्याचे आणि तेहतिसाव्यात त्या देखरेखीत अपंगांचा पूर्ण सहभाग असण्याचे बंधन राज्यांवर घातले आहे. या संहितेखालील समितीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सातव्या सामान्य टिप्पणीत एक भेद आग्रहाने मांडला आहे. अपंगांनी स्वतः चालविलेल्या संघटना एका बाजूला आणि अपंगांसाठी इतरांनी चालविलेल्या संस्था दुसऱ्या बाजूला. दोहोंना एक समजू नये, आणि विचारविनिमयात पहिल्यांना अग्रक्रम द्यावा, असा तिचा आशय आहे.

इंग्रजीत हा भेद दोन लहान शब्दयोगी अव्ययांवर उभा आहे. मराठीत तो षष्ठी आणि ‘साठी’ यांच्या भेदाने दाखविता येईल असे प्रथमदर्शनी वाटते. ‘अपंगांची संस्था’ म्हणजे अपंगांनी चालविलेली, आणि ‘अपंगांसाठी संस्था’ म्हणजे त्यांच्या उपयोगाची. परंतु मराठीचा प्रत्यक्ष प्रयोग ही समजूत टिकू देत नाही. ‘अंधांची शाळा’ ही अंधांनी चालविलेली नसते. ‘मुलांचे वसतिगृह’ मुलांच्या मालकीचे नसते. येथे प्रत्यय षष्ठीचा असला तरी अर्थ संप्रदानाचा आहे. याउलट ‘कामगारांची संघटना’ किंवा ‘शेतकऱ्यांचा संघ’ म्हटले की सदस्यत्वाचाच अर्थ निघतो. अर्थात् मराठी षष्ठी स्वतः काही ठरवीत नाही; पुढे येणारे नाम तिचा अर्थ ठरविते. शाळा, आश्रम, वसतिगृह, रुग्णालय ही नामे षष्ठीतील व्यक्तीला लाभार्थी करतात. संघ, संघटना, सभा ही नामे तिला सदस्य करतात.

‘समिती’ हे नाम या दोन गटांच्या सीमेवर उभे आहे. ‘विद्यार्थ्यांची समिती’ म्हटल्यास विद्यार्थी सभासद असल्याचा बोध होतो. पण ‘विद्यार्थी कल्याण समिती’ म्हटले की डोळ्यांसमोर प्राध्यापक येतात. पहिल्या प्रयोगात विभक्ती उघड आहे, तर दुसऱ्यात ती समासात लोपली आहे. विभक्तितत्पुरुषात विभक्तीचा लोप होतो, आणि तो लोप शासकीय परिभाषेला फार सोयीचा पडतो. ‘अपंग कल्याण समिती’, ‘दिव्यांग हक्क समिती’, ‘जिल्हास्तरीय समिती’ या सर्व नावांचा विग्रह केल्याशिवाय त्या कोणाच्या आणि कोणासाठी हे कळत नाही. आणि विग्रह करण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून संहितेतील सदस्यविषयक वाक्य हाच या समासाचा खरा विग्रह मानला पाहिजे.

३

असा विग्रह करू लागल्यास पहिली अडचण ‘किंवा’ या विकल्पबोधक अव्ययाची येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ६ मध्ये संशोधनासंबंधी एक महत्त्वाची तरतूद आहे. अपंग व्यक्तीची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती, तिला आकलन होईल अशा साधनांनी मिळविल्याशिवाय आणि त्यासाठी स्थापन झालेल्या अपंगत्वविषयक संशोधन समितीची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय, तिला कोणत्याही संशोधनाचा विषय करता येणार नाही. समितीचे निम्म्यापेक्षा कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्थेचे सदस्य असावेत, असेही कलम सांगते.

वाक्याचा पूर्वार्ध वाचून समाधान वाटते. ‘स्वतः’ या शब्दाने तर तो अधिकच निःसंदिग्ध होतो. पण ‘किंवा’ येताच अर्थ फिरतो. ‘नोंदणीकृत संस्था’ या संज्ञेची व्याख्या त्याच अधिनियमाच्या कलम २ मध्ये आहे. तीत अपंगांच्या संघटना आहेत, पालकांच्या संघटना आहेत, आणि अपंगांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्था, न्यास व विना-नफा कंपन्याही आहेत. म्हणजे एकही अपंग व्यक्ती नसलेली समिती या वाक्याची अट अक्षरशः पूर्ण करू शकते. सातव्या सामान्य टिप्पणीने जो भेद राखण्यास सांगितले, तो व्याख्येच्या एका यादीने आणि एका अव्ययाने पुसला जातो. विकल्पाच्या दोन्ही बाजू समान बळाच्या नसतात, हे येथे ध्यानात घेणे अवश्य आहे. जी बाजू नेमणाऱ्याला सोपी, तीच व्यवहारात निवडली जाते. कल्याणसंस्थेचा पदाधिकारी पत्ता, पद आणि प्रवासाची सोय यांसह सहज उपलब्ध असतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये हाच दोष अधिक विस्ताराने आढळतो. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने महत्त्वाच्या असलेल्या पुनर्विलोकन मंडळात न्यायिक अध्यक्ष, जिल्हा प्रशासनाचा प्रतिनिधी व वैद्यकीय सदस्य यांच्याबरोबर दोन जागा ठेवल्या आहेत. त्या मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना, किंवा काळजी घेणाऱ्यांना, किंवा त्यांच्या संघटनांच्या प्रतिनिधींना, किंवा या क्षेत्रातील स्वयंसेवी संस्थांना मिळू शकतात. विकल्पांची ही साखळी जसजशी लांबते, तसतशी पहिल्या कडीची गरज कमी होते.

येथे आणखी एका वाक्यांशाचा उल्लेख केला पाहिजे. १९९५ च्या अधिनियमाने केंद्रीय समन्वय समितीवर ‘शक्य तोवर’ अपंग असलेल्या पाच व्यक्ती घेण्याची तरतूद केली होती. २०१६ च्या अधिनियमाने केंद्रीय सल्लागार मंडळावरील ही संख्या दहा केली. ‘शक्य तोवर’ मात्र तसेच राहिले. संख्या दुप्पट झाली आणि बंधन पूर्वीइतकेच सैल राहिले. त्याच समितीवर सचिवांनी ‘शक्य तोवर’ सचिव असावे, असे कोणतीही संहिता म्हणत नाही.

४

या अव्ययांच्या चर्चेत व्यावहारिक तथ्य किती, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात सापडते. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या काही स्त्रियांचे गर्भाशय पुण्यात शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आले. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता हे कारण पुढे करण्यात आले. स्त्री-संघटना व इतर कार्यकर्ते यांनी तीव्र विरोध केल्यावर हा कार्यक्रम थांबला. या घटनेचे वर्णन करणारे कोणतेही वाक्य सहजगत्या कर्मणी रचनेत जाते, हे लक्षणीय आहे. ‘काढण्यात आले’ या क्रियापदाला कर्ता लागत नाही. ज्यांच्या शरीरावर शस्त्रक्रिया झाली त्यांची तर व्याकरणातली जागा एका षष्ठीपुरतीच उरते. निर्णयाच्या मुळाशी प्रशासन आणि वैद्यक यांचा विचारविनिमय होता. नव्हती ती त्या स्त्रियांना कर्तेपण देणारी व्यवस्था. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १० ने वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय करण्यास मनाई केली. ही मनाई येण्यास बावीस वर्षे लागली.

दुसरे उदाहरण न्यायालयीन आहे. ‘सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदिगड प्रशासन’ या २००९ च्या खटल्यात शासकीय संस्थेत राहणाऱ्या एका अपंग स्त्रीच्या गर्भपाताचा प्रश्न होता. तज्ज्ञमंडळाने तिच्याशी बोलून, तिला मूल हवे आहे, हे नोंदविले होते. तरीही उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून तिच्या संमतीविना गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. तज्ज्ञांच्या मंडळाने प्रश्न नीट विचारला म्हणून उत्तर नोंदले गेले, आणि नोंदले गेले म्हणूनच वरच्या न्यायालयाला त्याचा आधार मिळाला. समितीचे खरे कार्य पुष्कळदा एवढेच असते. परंतु त्यावाचून पुढचे काहीच घडत नाही.

सेवासंस्थेच्या आत अशा समित्या बसविण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेत अलाबामा राज्यात झाला. ‘वायट विरुद्ध स्टिकनी’ या खटल्यात संघीय न्यायालयाने १९७२ मध्ये मनोरुग्ण आणि बौद्धिक अपंग यांच्या राज्यसंस्थांकरिता किमान मानके ठरविली आणि मानवी हक्क समित्या नेमल्या. संशोधनाचे प्रस्ताव व उपचारांचे कार्यक्रम निवासींच्या प्रतिष्ठेशी सुसंगत आहेत की नाहीत हे पाहणे, आणि हक्कभंगाची तक्रार असलेल्या निवासींना साहाय्य करणे, हे त्यांचे काम होते. संशोधनाचा उल्लेख तेथे प्रथमपासून आला, याला कारण आहे. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक येथील संस्थेत १९५० च्या दशकापासून बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांवर कावीळविषयक प्रयोग झाले, आणि त्यांसाठी पालकांच्या लेखी संमती घेतलेल्या होत्या. दुसऱ्याच्या वतीने दिलेली संमती कागदोपत्री कितीही पूर्ण असली, तरी संरक्षण देईलच असे नाही, हा त्या प्रकरणाचा धडा आहे. ‘अपंग व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था’ या रचनेत तो धडा विसरला गेला आहे.

५

मराठीच्या दृष्टीने ‘हक्क’ आणि ‘अधिकार’ या शब्दांचा भेदही विचारात घेण्याजोगा आहे. हिंदीत २०१६ च्या अधिनियमाच्या नावात ‘अधिकार’ आहे. मराठीत ‘हक्क’ रूढ झाला, आणि तो योग्यच झाला. मराठीत ‘अधिकार’ म्हणजे हक्कही आणि सत्ताही. त्यापासून झालेला ‘अधिकारी’ हा शब्द तर केवळ सत्ताधारकाचा वाचक झाला आहे. ‘तक्रार निवारण अधिकारी’ या पदनामात तक्रार एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा, ही वाटणी शब्दातच झालेली दिसते.

ही वाटणी कायद्याच्या रचनेतही उतरली आहे. कलम २३ प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमण्यास सांगते; त्याने तक्रारींची नोंदवही ठेवावयाची, दोन आठवड्यांत चौकशी करावयाची, आणि तक्रारदाराचे समाधान न झाल्यास त्याला जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. व्यवस्था चांगली आहे. पण ती रोजगारविषयक प्रकरणात असून, तक्रार करावयाची ती नोकरीतील भेदभावाची. परिणामी शासकीय वसतिगृहातील अपंग कर्मचाऱ्याला त्याच इमारतीत ठरलेली वाट आहे. तेथे राहणाऱ्या अपंग निवासीला मात्र त्याच कलमाने तशी वाट दिलेली नाही. त्याला राज्य आयुक्तांकडे किंवा, छळाच्या बाबतीत, कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. परंतु या दोन्ही वाटा संस्थेच्या फाटकाबाहेर सुरू होतात. ज्याच्या हातून जेवण, औषध आणि बाहेर जाण्याची परवानगी मिळते, त्याच्याच विरुद्ध तक्रार करावयाची असते, तेव्हा फाटकाचे अंतर लहान नसते. जिल्हास्तरीय समितीविषयीचे कलम ७२ तर एका वाक्याचे आहे. तिची रचना आणि कार्ये राज्याच्या नियमांवर सोपविलेली आहेत. त्यामुळे अपिलाच्या टप्प्यावर कोण बसणार, हे मूळ संहिता सांगत नाही.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मधील स्थानिक समितीची रचना याहून स्पष्ट आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशी ती तीन जणांची आहे. येथे ‘किंवा’ नाही, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. तथापि ही समिती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी पालक नेमते, आणि तिच्या तिसऱ्या सदस्याची व्याख्या मात्र १९९५ च्या अधिनियमातून घेतली होती. त्या अधिनियमाच्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६ मध्ये तो निरसित होऊन प्रकारांची संख्या एकवीस झाली व स्वमग्नतेचा त्यांत समावेश झाला. तरी कोणत्याही एका प्रकारच्या अपंगत्वाने दुसऱ्या प्रकाराचे प्रतिनिधित्व होते, हे गृहीतक तसेच आहे. अंध सदस्य स्वमग्न व्यक्तीच्या जीवनाविषयी आपोआप जाणकार होत नाही.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती समितीत बसून निर्णय कसा घेणार? आणि ज्या पालकांनी शाळा, कार्यशाळा व निवास स्वतःच्या श्रमांनी उभे केले, त्यांना बाहेर ठेवणे न्याय्य होईल काय? या आक्षेपात तथ्य आहे. कित्येक ठिकाणी पालकांवाचून सेवाच उभ्या राहिल्या नसत्या. परंतु पालकांना स्थान असणे आणि त्यांचे स्थान अपंग व्यक्तीच्या स्थानाला पर्याय असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी ‘आणि’ पुरेसे आहे. ‘किंवा’ची गरज केवळ दुसरीसाठी लागते.

प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न मराठी विचारविश्वाला नवा नाही. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे अशी भूमिका घेतली. सहानुभूती बाळगणाऱ्या इतरांनी त्यांच्या वतीने बोलणे हे प्रतिनिधित्व नव्हे, हा तिचा गाभा होता. १९२८ मध्ये निघालेल्या ‘समता’ या पाक्षिकाच्या नावाने हा शब्द त्या परंपरेत स्थिर झाला. अपंगत्व आणि अस्पृश्यता यांचे स्वरूप एक नव्हे, आणि सादृश्य ताणू नये. पण समितीच्या नावात ‘समता’ हा शब्द घ्यावयाचा, तर त्यामागचा हा युक्तिवादही घ्यावा लागतो.

आक्षेपाचा दुसरा भाग सामर्थ्याविषयी आहे. समितीत बसण्याचे सामर्थ्य ही केवळ व्यक्तीच्या ठिकाणची वस्तू नसून बैठकीच्या भाषेवरही ते अवलंबून असते. बधिर सदस्याला दुभाषा दिला नाही तर तो ‘मूक’ ठरतो. दुभाषा दिला की बोलू लागतो. विल्यम स्टोको यांच्या १९६० च्या प्रबंधिकेपासून खुणांच्या भाषांना स्वतःची रचना आहे हे भाषाविज्ञानाने मान्य केले आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत आपला कोश १०,००० शब्दांपर्यंत नेला. कार्यपत्रिका आधी न देता, संस्कृतप्रचुर वाक्यांत मांडलेला ठराव दहा मिनिटांत संमत करून घेतला, तर बौद्धिक अपंगत्व असलेला सदस्यच काय, पुष्कळ निरोगी सदस्यही केवळ हात वर करतील. सोपी वाक्ये, चित्रांची जोड, सावकाश गती, विश्वासू साहाय्यक आणि एका बैठकीत एकच विषय, या साधनांनी ज्याला असमर्थ म्हटले जाते त्याचे मत पुष्कळदा मिळू शकते. जेथे एवढे करूनही शब्दांत मत मिळत नाही, तेथे त्या व्यक्तीची आवड, नकार आणि अस्वस्थता यांची नोंद तिला ओळखणाऱ्यांनी करावी. पण ती नोंद ‘तिचे मत’ म्हणून स्वतंत्र ठेवावी, ‘समितीचे मत’ म्हणून त्यात मिसळू नये.

७

यावरून सेवासंस्थेतील समता-हक्क समितीची घटना लिहिताना पाळावयाच्या काही गोष्टी निष्पन्न होतात. समितीच्या नावातील समासाचा विग्रह पहिल्याच कलमात लिहावा. निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य ती सेवा स्वतः घेणारे असावेत. पालक आणि संस्थाप्रतिनिधी ‘आणि’ने जोडलेल्या वेगळ्या जागांवर असावेत. ‘शक्य तोवर’ हा वाक्यांश वापरावयाचा झाल्यास, शक्य न झाल्याचे कारण लेखी नोंदविण्याचे बंधन त्याच वाक्यात घालावे. सेवा घेणारे सदस्य उपस्थित नसल्यास गणपूर्ती झाली असे मानू नये. अध्यक्षपद संस्थाचालकाकडे नसावे. तक्रार तोंडी, खुणांनी किंवा दुसऱ्याच्या साहाय्याने करता यावी, आणि तक्रारदाराच्या सेवेत त्यामुळे कपात झाली नाही हे समितीने ठराविक मुदतीने पाहावे. इतिवृत्त कर्तरी रचनेत लिहावे. ‘निर्णय घेण्यात आला’ असे न लिहिता निर्णय कोणी घेतला, विरोध कोणी केला, आणि ज्याच्याविषयी निर्णय झाला त्याने काय म्हटले, हे लिहावे.

विद्यापीठीय विभागांना या प्रश्नाकडे तटस्थ निरीक्षकाच्या भूमिकेतून पाहता येणार नाही. खुणांच्या भाषा, वाचाघात, बालकांतील भाषाविकासाचे विकार या विषयांवरील क्षेत्रकार्य अपंग व्यक्तींवाचून होत नाही, आणि कलम ६ त्या क्षेत्रकार्यालाही लागू आहे. प्रबंधांतून ‘निवेदक’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्यांची संमती कोणत्या भाषेत व कोणत्या साधनाने घेतली, हे कलम ६ नुसार महत्त्वाचे ठरते. पाणिनीने कर्त्याची ओळख त्याच्या स्वातंत्र्यावरून केली आणि संप्रदानाची ओळख ज्याला उद्देशून कृती होते त्यावरून केली. अपंगसेवांतील बहुतेक संहितांनी अपंग व्यक्तीला दीर्घकाळ दुसऱ्या कारकात ठेवले. तिला पहिल्या कारकात आणण्याचे काम कायद्याने अर्धवट केले आहे. उरलेले काम संस्थांच्या घटनांमध्ये आणि संशोधकांच्या संमतिपत्रांमध्ये, एकेका वाक्यात करावे लागेल.